सगळेच दुखणे वाताचे नसते

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यात पाय न दुखणारा माणूस शोधून सापडणार नाही. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, घोटाभर चिखलात वाकून दिवसभर धान रोवायचे. संध्याकाळी घरी येईतो पोटऱ्या भरून येतात आणि टोंगळे वाकेनासे होतात. त्याआधी उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम होऊन गेलेला असतो, म्हणजे पहाटेपासून जंगलातली पायपीट आणि मग पुडकी बांधत तासन्‌तास बसणे. अशा मुलखात कुणी पाय दुखतो म्हटले की उत्तर तयार असते: वात आहे. माणूस साठीपुढचा असला तर ‘वय झाले’, तरुण असला तर ‘काम जास्त झाले’. मग तेल चोळायचे, गरम विटेने शेकायचे, पाय उशीवर ठेवून पडायचे आणि तरीही नाही भागले तर बाजाराच्या दिवशी एक सुई मारून घ्यायची.

या समजुतीमुळे दरवर्षी माणसांचे पाय जातात, काहींचे प्राणही जातात. म्हणून तिचा मुळापासून प्रतिवाद करायला हवा. मात्र प्रतिवाद करायचा तर आधी तिची बाजू पुरती मांडली पाहिजे.

ही बाजू अगदीच निराधार नाही. पाय दुखणाऱ्या दहा माणसांपैकी बहुतेकांचे दुखणे खरोखरच स्नायूंचे, सांध्यांचे किंवा कमरेच्या मणक्यांचे असते. तेलाने आणि शेकाने त्यांना बरे वाटते, विश्रांतीने उतार पडतो. शिवाय पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणी अरुंद होण्याचा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो, असे सांगणारी पाहणीही आहे. चेन्नईत शहरी लोकवस्तीत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांपैकी शंभरात सुमारे तीन जणांना तो आढळला. हे सगळे मान्य. पण ‘बहुतेकांचे’ म्हणजे ‘सगळ्यांचे’ नव्हे. त्याच चेन्नईच्या अभ्यासात मधुमेहींमध्ये हे प्रमाण शंभरात सहाच्या वर होते, म्हणजे निरोगी साखर असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. उरलेल्या थोड्यांना जर बहुतेकांचाच उपाय दिला आणि तो उपाय त्यांना अपायकारक ठरला, तर संख्या थोडी आहे हे समर्थन होऊ शकत नाही.

वाताचे नाव घेणारा माणूस मनोमन आयुर्वेदाचा आधार घेत असतो, म्हणून पहिली तपासणी तिथेच करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. कमरेपासून पायात उतरणारी कळ, म्हणजे गृध्रसी, तिथे येते. पण ज्यात रक्त बिघडते आणि वाताची वाट अडते त्या वातरक्ताला चरकाने पुढचा, एकोणतिसावा, स्वतंत्र अध्याय दिला. सुश्रुताने श्लीपद, म्हणजे आपला हत्तीपाय, आणखी वेगळा काढला आणि निदानस्थानात त्याच्याबद्दल एक मोलाचे निरीक्षण नोंदवले: जिथे जुने पाणी साठून राहते आणि बाराही महिने गारवा असतो अशा प्रदेशांत हा रोग विशेष होतो. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या या मुलखातल्या वाचकाला त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. मुद्दा असा की प्राचीन वैद्यांनी पायाच्या दुखण्यांमध्ये भेद केले, कारणे वेगळी सांगितली, उपचार वेगळे सांगितले. ते भेद पुसून एकच नाव चिकटवणे ही आयुर्वेदाची परंपरा नाही. ती आपली सोय आहे.

आता रक्ताच्या बाजूने पाहू. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिणींच्या आतल्या अंगाला मेद आणि चुना साचत जातो, वाट अरुंद होते. माणूस बसलेला असतो तेव्हा पोटरीला थोडेच रक्त लागते, ते मिळते, म्हणून काही जाणवत नाही. चालू लागला की पोटरीची गरज अनेक पटींनी वाढते आणि तुटवडा उघडा पडतो. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याची बांधी आहे, त्याला हे पटकन उमजेल: गरज कमी असते तेव्हा त्याच्याही वाट्याला पाणी येते, सगळीकडे रोवणी लागली की त्याचीच बांधी कोरडी राहते. टोकाच्या बांधीत कितीही खत टाकले तरी तिथे पाणी येणार नाही, कारण अडथळा वर आहे. पोटरीला चोळलेल्या तेलाचेही तसेच होते.

म्हणूनच या दुखण्याला एक शिस्त असते. समजा, एखादा शेतकरी घरून निघाला की शाळेपर्यंत व्यवस्थित जातो. शाळा ओलांडली की पोटरीत गोळा आल्यासारखे होते, पाय उचलवत नाही. तो उभा राहतो. पाच मिनिटांत दुखणे जाते. पुन्हा चालतो, आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर ते पुन्हा येते. चढ असला किंवा भरभर चालला तर अलीकडेच गाठते. सांध्याचे दुखणे असे वागत नाही; ते पहिल्या पावलाला जास्त असते आणि चालता चालता मोकळे होते. मणक्यातली नस दबल्याचे दुखणेही असे वागत नाही. त्यात नुसते उभे राहिले तरी पाय भरून येतात, उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा माणूस चालू शकत नाही, पण पुढे झुकून सायकल मात्र आरामात चालवतो. ज्याला उभ्या उभ्या थांबूनच बरे वाटते, त्याच्या रोहिणीकडे संशयाने पाहिले पाहिजे.

ही शिस्त प्रथम ओळखली गेली ती माणसात नव्हे, घोड्यात. १८३१ साली फ्रान्समधल्या बूले नावाच्या पशुवैद्याने गाडीला जुंपलेला एक घोडा पाहिला. थोडे अंतर गेला की मागच्या पायांनी लंगडायचा, विसावला की पूर्ववत व्हायचा. मेल्यावर त्याच्या मांडीच्या रोहिणी बंद झालेल्या आढळल्या. १८५८ साली शार्को या डॉक्टराने तेच माणसात दाखवून दिले. मुक्या जनावराची नुसती चाल पाहून जे उलगडले, ते बोलत्या माणसाला दोन प्रश्न विचारून उलगडू नये, असे कोणते कारण आहे?

एकच नाव देण्यातला सर्वांत मोठा धोका उपचारात आहे. पायाच्या रक्तप्रवाहाची दुखणी एक नाहीत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक आहे. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या बाईच्या पायावरच्या निळ्या नसा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते. तिथे रक्त पोचते व्यवस्थित, परत चढत नाही. तिला पाय उंच ठेवून आराम पडतो, घट्ट पट्टी किंवा मोज्याने फायदा होतो. रोहिणी अरुंद झालेल्या माणसाचे सगळे उलटे. पाय उंच केला की दुखणे वाढते आणि पाऊल पांढरे पडते. रात्री झोपेत पावलाला आग होऊन तो उठतो आणि खाटेवरून पाय खाली सोडून बसतो, तेव्हा बरे वाटते. अशा माणसाला घट्ट मोजा चढवला तर उरलेसुरले रक्तही अडते. मधुमेहाने पावलाची संवेदना गेली असेल आणि त्यात रक्त कमी पोचत असेल, तर गरम विटेचा शेक त्याला भाजतो; भाजल्याचे कळत नाही आणि जखम भरत नाही. कापणीनंतरच्या शेतात धसकट रुतून झालेली बारीकशी जखमही अशा पायात महिनोन्‌महिने चिघळत राहते. एकाच पायाची पोटरी एकदोन दिवसांत अचानक सुजून दुखू लागली तर आतल्या नीलेत, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीत, गुठळी झालेली असू शकते. तिथे जोराने मालिश केली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि हत्तीपायात बिघाड रक्तवाहिन्यांत नसतो, डासामार्फत शिरलेल्या जंतांनी लसीकावाहिन्या निकामी केलेल्या असतात. हा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला असल्यामुळे इथे सुजलेला प्रत्येक पाय हत्तीपाय समजण्याची घाई होते, तीही तितकीच घातक.

सुईबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुखण्यावर सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक पायाच्या रोहिणी अरुंद झालेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांना देऊ नये, असा निर्णय युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली दिला, कारण त्याने हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे ज्याला ते टाळायला हवे, नेमका तोच माणूस ‘वातासाठी’ ते वारंवार घेत असतो.

दुसरा युक्तिवाद असा केला जातो की रोहिणी तुंबण्याचा रोग बसून खाणाऱ्या शहरी श्रीमंतांचा. राबणाऱ्या, वरण-भात खाणाऱ्या माणसाला तो कुठून होणार? जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१० मध्ये या रोगाचे वीस कोटींहून अधिक रुग्ण होते, आणि दर दहांतले सात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. याचे मोठे कारण तंबाखू. तंबाखूचा धूर हृदयाच्या रोहिणींपेक्षाही पायाच्या रोहिणींना जास्त बाधतो. आपल्या देशात २०१६-१७ च्या पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के होते, बिडी ओढणारे ७.७ टक्के. बिडी लहान दिसते, तिच्यात तंबाखूही थोडी असते, म्हणून ती सौम्य आहे असे लोक समजतात. पण तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, बिडी सारखी विझू पाहते, ती पेटती ठेवायला जोराने आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. छातीत जाणारे विष त्यामुळे सिगारेटपेक्षा कमी राहत नाही.

बिडीशी बांधलेला आणखी एक रोग आहे, आणि तो तरुणांना गाठतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली कापलेल्या पायांची तपासणी करून त्याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. यात मेद साचत नाही. हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या गुठळ्यांनी बंद होतात. रुग्ण बहुधा पंचेचाळिशीच्या आतला पुरुष, तंबाखूच्या आहारी गेलेला. आधी तळपायात चालताना कळ, मग बोटाच्या टोकाला न भरणारी जखम, मग काळे पडलेले बोट. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० साली आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडली त्यांच्यापैकी शंभरात सुमारे पाच जणांचा अवयव पुढे कापावा लागला; ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यापैकी शंभरात चाळीसहून अधिक जणांचा. एवढा फरक करणारे दुसरे औषध या रोगावर नाही. ‘कमी केली’ हे इथे चालत नाही. बिडी सोडून तंबाखूचाच खर्रा किंवा गुडाखू धरणे हेही चालत नाही.

बिडीविरुद्ध लिहिताना गोंदियाचे ऋण विसरून चालणार नाही. रेल्वे आणि तेंदूपान यांच्या जोरावर बिडीचा धंदा इथे उभा राहिला, त्याने हजारो घरांच्या चुली पेटवल्या. त्याच धंद्यातल्या मनोहरभाई पटेल यांनी या मागास भागात शाळा आणि महाविद्यालये काढली. ते श्रेय खरे आहे. पण ज्या हातांनी पाने तोडली आणि बिड्या वळल्या, त्याच माणसांच्या पायांना त्या बिडीने काय केले हे त्यांना सांगणे ही त्या कष्टांशी कृतघ्नता होत नाही. न सांगणे हीच कृतघ्नता होते.

तिसरा युक्तिवाद दयाळू आहे, म्हणून जास्त फसवा: पाय दुखतो ना, मग चालू नका. मुले वडिलांना बांधावर जाऊ देत नाहीत, सून पाण्याचा तांब्या जागेवर आणून देते. जखम नसेल आणि बसल्या जागी किंवा रात्री दुखत नसेल, तर रोहिणीच्या दुखण्यावर चालणे हाच सिद्ध उपचार आहे. दुखू लागेपर्यंत चालायचे, दुखणे चांगले जाणवले की थांबायचे, गेले की पुन्हा चालायचे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान तीन महिने. चालण्याचे अंतर त्याने दुपटीपर्यंतही वाढते, कारण स्नायू मिळालेले रक्त अधिक चांगले वापरायला शिकतात. घरच्यांची माया त्या माणसाला खाटेवर बसवून त्याचा उपचारच काढून घेते.

आणि ‘वय झाले’ हे उत्तर तर सर्वांत महाग पडते. पोटरी दुखून थांबणाऱ्या माणसाचा पाय पाच वर्षांत कापावा लागण्याची शक्यता कमी असते, शंभरात एखाद-दोघांची. तो तंबाखू ओढत राहिला किंवा मधुमेही असला तर बरीच जास्त. पण त्याच पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात गाठणारे सुमारे पाचांतले एक असतात. पायाची रोहिणी अरुंद झाली म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिणीही निरोगी नसणार. म्हणून अशा माणसाला रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, मेद कमी करणारी गोळी, गुठळी होऊ न देणारी गोळी यांची गरज पायासाठी जेवढी असते त्याहून जास्त हृदयासाठी असते. ‘वय झाले’ म्हणून त्याला परत पाठवले की ही सूचना वाया जाते.

लहानांच्या बाबतीत या जिल्ह्यात आणखी एका गोष्टीचे भान हवे. हाडांत कळा येऊन रडणाऱ्या मुलाचे दुखणे ‘वाढीचे’ किंवा ‘वाताचे’ म्हणून सोडून दिले जाते. गोंदिया सिकलसेलच्या पट्ट्यात आहे. त्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाला रक्त मिळेनासे होते. पुढे घोट्याजवळ जखमा होतात, मांडीच्या हाडाचे डोके झिजते. हेही रक्त न पोचण्याचेच दुखणे, पण इथे भरपूर पाणी, उबदारपणा आणि हायड्रॉक्सियुरिया यांचा उपयोग होतो. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. या मोहिमेत रक्ताचा थेंब तपासून पुढची दिशा ठरते. वारंवार पाय दुखणाऱ्या इथल्या मुलाची ती तपासणी न करता त्याला तेल लावत बसणे क्षम्य नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत व्यावहारिक: हे सगळे खरे, पण सालेकसा-देवरीच्या खेड्यात हे ओळखणार कोण? रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ नागपूरला, गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर. उत्तर असे की उपचाराला नागपूर लागेल, ओळखायला लागत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या कंडरेच्या शेजारी बोटे हलकेच ठेवली की नाडी लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे लागते. पहिली नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतः सापडत नाही, म्हणून दोन्ही पाहायच्या, दोन्ही पायांच्या पाहायच्या. मग रुग्णाला काही मिनिटे आडवे निजवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा. घोट्याशी ठोका ऐकायला हातात मावणारे डॉप्लर यंत्र पुरते. दंडाशी १४० आणि घोट्याशी ९० आला, तर घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.६४ येतो. निरोगी पायात तो एक किंवा थोडा जास्त असतो, ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे रोग आहे. जुन्या मधुमेहींच्या रोहिणी कडक झालेल्या असतात, त्यांच्यात हा आकडा फसवून १.४ च्या वरही जातो. तेही पुढे पाठवण्याचेच लक्षण. या तपासणीला पंधरा मिनिटे लागतात. आणि ती करायला हवीच, कारण या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना पोटरीचे ते ठरावीक दुखणे नसतेच.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर गावपातळीवर तपासली जाते. आशाताई घरोघरी फिरून बिडी-तंबाखूची चौकशी करतात. त्याच वेळी चपला काढायला सांगाव्यात, पावले आणि बोटांमधल्या फटी पाहाव्यात, नाडी चाचपावी आणि तीन प्रश्न विचारावेत: किती चालल्यावर दुखते? उभे राहिल्यावर जाते की बसावे लागते? रात्री पाय खाली सोडून बसावे लागते का? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉप्लर द्यावे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी तपासलेला प्रत्येक मधुमेही आणि प्रत्येक बिडी ओढणारा माणूस पाय न तपासता परत जाऊ नये. आणि पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडून असह्य दुखू लागला, तर तेव्हा हातात सहाएक तासच असतात. त्यातला एकही तास तेल-शेकात घालवायचा नाही, थेट जिल्हा रुग्णालय गाठायचे.

वात हा शब्द कुणी सोडावा असा माझा आग्रह नाही. पाय दुखणाऱ्या माणसाला तपासण्याआधीच तो शब्द वापरू नये, एवढीच मागणी आहे. आधी नाडी लागते का ते पाहू, दुखणे कधी येते आणि कधी जाते ते विचारू. नाव नंतर देऊ.